दोन भावांची बहीण

पाट मांडून झाले, पाटाभोवती रांगोळी काढून झाली, निरांजनात वात घालून झाली, आणि तिसऱ्यांदा मी दारात जाऊन आले तेव्हा हे म्हणाले, "बस आता. दारात बघून भाऊ लवकर येत नसतात."

"भावांसाठी कुठं बघतेय? दूधवाला आला का बघत होते."

"दूध सकाळीच आलंय. तूच तापवलंस."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीनं दारात बघावं, यात लपवण्यासारखं काय आहे? पण त्या वर्षी मला त्याचीही लाज वाटत होती. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं की घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बाई पुन्हा उभी राहील. अशा बाईनं भावांची वाट बघायची म्हणजे वाट बघणं साधं राहत नाही. त्यात मागणं दिसायला लागतं.

आमचे हे, विलास पोवार, इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते. म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. जन्मभर त्या खडखडाटात राहिल्यामुळं यांची बोलायची सवयच मोडली होती. एका वाक्यात काम होत असेल तर हे अर्ध्यात उरकायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशीचा सगळा घोळ यांच्या त्या अर्ध्या वाक्यानं झाला. यांना साखरेचा आजार, म्हणून यांची किडनी चालत नव्हती. मूलबाळ आम्हाला नाही. राहता राहिले माझे दोन भाऊ, सर्जेराव आणि धनाजी.

माझं माहेर कुरुंदवाडच्या पुढं, नदीकाठी. आई आमची लवकर गेली. मी मोठी, त्यामुळं दोघांची शेंबडी नाकं मी पुसली, शाळेचे डबे मी भरले, मार खाताना मध्ये मी पडले. हे बोलून दाखवायचं नसतं, आणि मी कधी दाखवलंही नाही. सर्जाचं माझं रक्त एका गटाचं. दोन वर्षांमागच्या चैत्रात तो डॉक्टरांसमोर छाती ठोकून म्हणाला होता, "एक कशाला सायेब, दोन्ही घ्या की आक्कासाठी!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "एकच पुरे. पुढच्या आठवड्यात तपासणीला या."

तो पुढचा आठवडा काही आला नाही. आधी मेव्हण्याचं लग्न निघालं. मग पेरणी. मग नदीला पूर. मग गणपती. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. गौरीला धनाजीची बायको रूपाली एकटीच आली, माझ्या पाया पडली आणि वाकलेलीच राहून म्हणाली, "आक्का, आमची दोन लेकरं लहान हाईत हो. ह्यांना काय बोलू नका." मी तोपर्यंत कुणाला काही बोलले नव्हते. तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला लाडू दिले आणि म्हटलं, "बाई गं, मी काय राक्षसीण हाय व्हय?" ती हसली, पण डोळ्यांनी नाही.

त्यानंतर यांनी माझं नाव यादीत घातलं. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत. म्हणजे मेंदू मेलेला पण यंत्रावर श्वास चाललेला असा कुणी असला आणि त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं, तर. तुम्हाला सांगते, भावाकडं मागण्यापेक्षा ही वाट बघणं जास्त लाजिरवाणं होतं. हे सकाळी पेपर वाचायचे. "हायवेला अपघात," म्हणायचे. मग थांबून, "वय एकतीस." आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो आणि पटकन दुसरीकडं बघायचो. कुणाचा तरी लेक गेलेला असायचा आणि आमच्या चहाला थोडी चव यायची. एकदा मी तो पेपर यांच्या हातातून काढून चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच विचारलं, "काय आलंय पेपरात?"

तर भाऊबीजेचा दिवस. सकाळचे दहा वाजून गेलेले. मी फराळाची ताटं झाकून ठेवली होती. चिवडा चाखता येत नव्हता, मीठ बंद. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा, कारण पाणीसुद्धा मोजून. तेवढ्यात यांचा फोन वाजला.

यांनी ऐकलं. "हो," म्हणाले. "हो. नाही, काही खाल्लं नाही तिनं. निघतो." आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत उभे राहिले.

"काय झालं? सर्जाला काय झालं?"

"कोल्हापूरचा होता, हॉस्पिटलचा. मिळतीय म्हणाले. आजच. पाणी पण पिऊ नको."

मी मटकन त्या पाटावरच बसले. भावासाठी मांडलेल्या पाटावर मीच. माझ्या मनात पहिला विचार आनंदाचा आला, हे कबूल करते, आणि दुसरा विचार आला की सणासुदीचं कुणाच्या तरी घरात काय झालं असेल. पण तो दुसरा होता.

"भावांना कळवा," मी म्हटलं. "ते निघाले असतील. रक्ताला माणसं लागतील म्हणाले होते ना डॉक्टर मागं? त्यांना तिकडंच यायला सांगा."

यांनी सर्जाला फोन लावला. मी बाजूलाच उभी होते, शब्द न् शब्द ऐकला. हे म्हणाले, "सर्जेराव, कुठं हाय? बरं. किडनीचं ठरलंय. आजच. हेमाला घेऊन कोल्हापूरला निघालोय. तुम्ही दोघं थेट हॉस्पिटलातच या. काही खाऊ नका." आणि ठेवला.

"काही खाऊ नका कशाला?"

"रक्त द्यायचं नाही का?"

"अहो, रक्त देताना खाऊन जातात!"

"असं व्हय," हे म्हणाले, आणि रिक्षा बघायला गेले.

त्या गडबडीत मला त्याचं पुढं काही सुचलं नाही. मी साडी बदलली, लांब बाह्यांचा ब्लाउज घातला, कारण डायलिसिसच्या सुयांनी डावा हात दोरखंडासारखा झाला होता आणि लोक त्याच्याकडं बघायचे. ताटातली सुपारी, सोन्याची अंगठी आणि कुंकवाचा करंडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. हे म्हणाले, "हे कशाला?"

"भाऊ तिथं आले तर तिथंच ओवाळीन."

"ऑपरेशनला चाललीयस," हे म्हणाले. एवढंच. पण थांबले, मला करंडा नीट बांधू दिला.

हॉस्पिटलात माझं रक्त काढून घेतलं, एक्सरे काढला, आणि बसा म्हणाले. त्या दात्याचं रक्त आणि माझं रक्त जुळतं का ते बघायला काही तास लागणार होते. अवयवांचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती, सगळे तिला मॅडम म्हणायचे. ती म्हणाली, "काकू, पक्कं काहीच नाही हं. जुळलं पाहिजे, आणि तिकडच्या लोकांचं मन शेवटपर्यंत टिकलं पाहिजे. तोपर्यंत जीव टांगणीला लावून घेऊ नका." टांगणीला लावायचा आता वेगळा उरला होता कुठला?

हे पुन्हा सर्जाला फोन लावत होते. बंद. धनाजीचा बंद. "रेंज नसेल," मी म्हणाले. "गाडीवर असतील," मी म्हणाले. "धन्याच्या फोनची बॅटरी टिकत नाही," मी म्हणाले. हे नुसते माझ्याकडं बघत राहिले. मग रक्ताचं बघतो म्हणून खाली गेले. जाताना म्हणाले, "मागावरची पोरं बोलावतो." आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किडनीचं ठरलंय. आजच. तुम्ही दोघं या. काही खाऊ नका.

अगं बाई!

माझ्या भावांना वाटलं होतं की त्यांचीच काढून घ्यायला बोलावलंय. आणि ते पळाले होते. भाऊबीजेच्या दिवशी, बहिणीनं ताट धरलेलं असताना मागितलं तर भावाला नाही म्हणता येत नाही, म्हणून फोन बंद करून बसले होते. मला खदखदून हसू आलं आणि त्याच क्षणी असं वाटलं की या फरशीनं फाटावं आणि मला पोटात घ्यावं. राग नाही आला हो. लाज वाटली. त्यांची नाही, आधी माझीच. जी पोरं अंधारात भीती वाटली की माझ्या पदराखाली शिरायची, त्यांना आता माझीच भीती वाटत होती.

मी अशी बसलेली असताना एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिशीची असेल. नवी साडी, पण पदर कसाही खोचलेला, डोळे सुजलेले. मांडीवर स्टीलचा डबा. डब्याचं झाकण उघडून आत बघायची, पुन्हा लावायची.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्याकडं सुपारी हाय का हो?"

"सुपारी?"

"ओवाळायला. सगळं आणलं, सुपारीच ऱ्हायली. निरांजन तर आत नेऊ देत नाहीत, ऑक्सिजन असतो म्हणे. नर्स म्हणाली, नुसतं कुंकू लावा आणि सुपारीनं ओवाळा." ती अतिदक्षता विभागाच्या दाराकडं बघत होती. "भाऊ हाय आत."

मी रुमाल सोडला. सुपारी दिली, अंगठीही दिली. "अंगठीनं ओवाळ," म्हटलं. "आमच्यात अंगठी लागतेच."

"आमच्यात पण," ती म्हणाली, आणि आत गेली.

परत आली तेव्हा अंगठी तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. मग म्हणाली, "कपाळ गरम लागतंय हो मावशी. कुंकू लावताना बोटाला गरम लागलं. छाती वरखाली होतीय. आणि हे म्हणतात, गेला."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "काय झालं?"

"लक्ष्मीपूजन झालं की लगेच नीघ म्हटलं मी. दोन दिवस माझ्याकडं ऱ्हा. भाऊबीज करूनच जा. तो म्हणत होता, सकाळी येतो ताई. मी म्हटलं, नाही, आत्ता ये." तिनं डबा घट्ट धरला. "मीच म्हटलं, आत्ता ये."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. उजवा. डावा पदराखाली लपवला होता.

"बाबांनी पहाटे सही केली," ती सांगत राहिली. तिला कुणीतरी ऐकणारं हवं होतं, ते कुणीही चाललं असतं. "त्याचं सगळं द्यायचं म्हणून. तो कॉलेजात असल्यापासून रक्त द्यायचा, म्हणून बाबा म्हणाले त्याला आवडलं असतं. आता चुलता आलाय गावाकडनं. तो म्हणतोय, अर्धवट देह जाळला तर पुढच्या जन्मी तसाच अर्धवट येईल. बाबांचं मन फिरलंय. म्हणतात, तू थोरली बहीण, तुझ्याकडं येताना अपघात झाला, तू सांगशील तसं करू. डॉक्टर म्हणतात, अजून नको म्हणता येईल." ती माझ्याकडं वळली. "देऊ का, मावशी? तुम्ही मोठ्या हाय. तुम्ही सांगा."

आता बघा. मला तहान लागलेली, जीभ टाळ्याला चिकटलेली. दोन वर्षं मी जे ऐकायला कान टवकारून बसले होते ते माझ्याच तोंडात देऊन ही पोर माझ्याकडं बघत होती. दे, एवढंच म्हणायचं होतं. आणि ते काही खोटंही झालं नसतं. कुणीही शहाण्या माणसानं तिला तेच सांगितलं असतं. मेलेल्या माणसाची राख होते, नाहीतर पाचसहा घरांत चूल पेटते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण ते मी कसं सांगायचं? भिकाऱ्यानंच दानाचं पुण्य सांगायचं?

"मला नको विचारू, पोरी," मी म्हटलं.

"का?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. माझं डोकं चालत नाही, मला यातलं कळत नाही, असलं काहीतरी. पण तिच्या बोटाला अजून कुंकू होतं. मी डावा हात पदराखालून काढला, बाही वर सरकवली आणि म्हटलं, "कारण घेणारी मीच हाय. मला वाटतं, मीच."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. त्या गाठी, ते सुयांचे डाग. तिनं हात नाही लावला. मला वाटलं, आता ही किंचाळेल. उठून जाईल. आत जाऊन म्हणेल, बाहेर एक बाई माझ्या भावाच्या मरणाची वाट बघत बसलीय. म्हणाली असती तर ते खरंच होतं.

तिनं फक्त विचारलं, "तुम्हाला भाऊ न्हाईत?"

त्या दिवशी मला सुया टोचल्या, पोट कापलं, नळ्या घातल्या. त्यातलं काही मला आज आठवत नाही. हा प्रश्न आठवतो.

"हाईत की," मी म्हटलं. "दोन."

"मग?"

"येतायत," मी म्हटलं. "वाटेत हाईत."

माझ्या तोंडातून हे शब्द बाहेर पडले आणि तिचं तोंड कसंतरी झालं. तिचाही भाऊ वाटेतच होता ना. ती उठली. डबा बाकड्यावरच राहिला होता, तो मी उचलून दिला. ती चालत गेली आणि दाराआड नाहीशी झाली.

हे वर आले तेव्हा मी यांना सगळं सांगितलं. एरवी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. "तोंडाशी आलेला घास आपल्या हातानं घालवलास तू! तुला कुणी विचारलं होतं का, कोण घेणार हाय म्हणून? गप्प बसता येत नव्हतं? मी दोन वर्षं..." हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि यांची पाठ हलायला लागली. इतक्या वर्षांत यांना मी रडताना बघितलं नव्हतं. मी यांच्यापाशी गेले नाही. काय तोंडानं जायचं?

बराच वेळ गेला. चुलत्याचा चढलेला आवाज दोनदा ऐकू आला. मग काहीच नाही. मग त्या मॅडम लगबगीनं आल्या आणि म्हणाल्या, "काकू, चला. जुळलंय."

"आणि त्यांचं? त्यांचं मन?"

"तुम्ही तिकडच्या कुणाशी बोललात का?" मॅडमनी माझ्याकडं रोखून बघितलं. "असं बोलायचं नसतं, काकू. दोन्हीकडच्या लोकांना त्रास होतो म्हणून नियम आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांच्या बहिणीनं सांगितलंय, उशीर करू नका. बाहेर बसलेल्यांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नसणार."

मी ढसाढसा रडले. मॅडमना वाटलं, ऑपरेशनला घाबरले.

भाऊ आले ते चवथ्या की पाचव्या दिवशी. तोपर्यंत नवी किडनी कामाला लागली होती आणि मी ग्लासभर पाणी एका दमात प्यायला लागले होते. मला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, जंतू लागू नयेत म्हणून. आत येणाऱ्याला टोपी, मास्क, झगा. त्यामुळं दोघांचे नुसते डोळेच दिसत होते, आणि तेही खाली बघत होते. धनाजीच्या हातात साडीची पिशवी होती. आत आणू दिली नसती, पण त्यानं झग्याखाली लपवून आणली होती. लहानपणापासून तसलाच. भिंतीपाशी उभा राहिला तो हललाच नाही.

सर्जा पायथ्याशी उभा राहिला. "कशी हाईस आक्का?"

"बघ की. जिवंत."

"देवानं वाचवलं."

"देवानं नव्हे."

मग एकदम घाईघाईनं बोलायला लागला, जसं काही थांबला तर पुन्हा सुरू करता येणार नाही. "आक्का, आमी आलो व्हतो. खोटं सांगत न्हाई. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो व्हतो. पानपट्टीपाशी गाडी उभी केली आणि दाजींचा फोन आला. कुठं हाय इचारलं तर वाटेत हाय म्हटलं. धन्या म्हणाला, दादा, आज धरलं आपल्याला. मी म्हटलं, चल वर, काय हुईल ते हुईल. पाय उचलंना, आक्का. खरंच उचलंना. मग आमी गाडी वळीवली. तिथनं घरापर्यंत दोघं एकमेकांशी बोललो न्हाई." त्यानं मास्क वर केला आणि नाक पुसलं. नर्सनं काचेतून बोट दाखवलं, तेव्हा पुन्हा खाली ओढला. "पेपरात आलं तेव्हा कळलं, ती दुसऱ्याची व्हती."

आता त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या पोटात टाके होते आणि मनातही काही कमी नव्हते. माझी जीभ सुटली.

"तो पण बहिणीकडंच निघाला होता, सर्जा. ओवाळून घ्यायला. तो मेला, तरी त्यानं ओवाळणी घातली. तुला गल्लीच्या कोपऱ्यापासून माझ्या दारापर्यंत येववलं नाही."

धनाजीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. सर्जाचे डोळे इतके लाल झाले की मला माझ्या शब्दांची शरम वाटली. जिवंत माणसानं आपलं पोट कापून द्यावं, हा हट्ट मी कधी धरला नव्हता, आणि आज मेलेल्या माणसाचा दाखला देऊन त्याला मारत होते. माझा भाऊ भ्याला. भिणारच. डॉक्टर कितीही सांगोत, जिवंतपणी टेबलावर झोपायचं म्हणजे काळीज लागतं. ते सगळ्यांकडं नसतं, आणि नसलं म्हणून माणूस वाईट होत नाही.

"जाऊ दे," मी म्हटलं. "बस. उभा राहू नको."

तो बसला नाही. खाली बघत म्हणाला, "आक्का, एक इचारू? रागावणार न्हाईस?"

"विचार."

"कोपऱ्यावरनं परत जाताना ट्रकखाली आलो असतो मी, आणि त्या पोरासारखा यंत्रावर असतो. आणि तुला बोलावून इचारलं असतं, देताय का ह्याचं, लोकांना. तर तू दिलं असतंस?"

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "दिलं..."

पुढं येईना. मला सर्जा दिसला. त्या आतल्या पलंगावर. कपाळ गरम, छाती वरखाली होतीय. माझ्या पदराखाली झोपणारा माझा सर्जा, आणि कुणीतरी परका डॉक्टर हात जोडून उभा. चुलत्याचं लांबच राहू दे, मीच चुलता झाले असते. हात लावू नका माझ्या भावाला, म्हणून मी ते हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. बाहेर बाकड्यावर कुणी तहानलेली बाई बसलीय, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी तिच्या अंगावर धावून गेले असते. दोन वर्षं मी लोकांच्या घरातल्या 'हो'ची वाट बघत होते. आमच्या घरात कधी असा प्रसंग आला तर हो म्हणायचं, एवढं साधं मी आणि हे एकदा तरी बोललो होतो का? यांच्या देहाचं, माझ्या डोळ्यांचं, कशाचंच आम्ही बोललो नव्हतो. ते देणं म्हणजे दुसऱ्यांचं काम, असं आम्ही समजून चाललो होतो.

सर्जा उत्तराची वाट बघत होता. मास्कच्या वर त्याचे डोळे लहानपणी मार खाण्याआधी असायचे तसे झाले होते.

"नाही," मी म्हटलं. "नसतं दिलं."

त्याला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तो फिटंफाट झाली म्हणून सुटेल. पण तो तोंडावर हात दाबून, नर्सला दिसू नये म्हणून भिंतीकडं वळून रडायला लागला, आणि धनाजी त्याला बघून. मी पडल्या पडल्या त्या दोन पाठींकडं बघत राहिले. माझ्या कुशीत एका अनोळखी पोराची किडनी मुकाट काम करत होती. तिघंही आम्ही एका आईची लेकरं, तिघंही धडधाकट आता, आणि जिनं दिलं तिचं नावसुद्धा मी विचारून घेतलं नव्हतं.